शेतजमिनीवरील जत्रा, जलसे आणि गावाची जबाबदारी

(सरपंच, ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि महसूल कर्मचारी यांच्यासाठी योजलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

पौष महिना लागला की महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जत्रांचा हंगाम सुरू होतो आणि तो थेट वैशाखापर्यंत चालतो. या हंगामाची सांगड शेतीशी आहे. खरिपाचे पीक घरात आलेले असते, रब्बीची ज्वारी काढणीला आलेली किंवा निघालेली असते, आणि गावाभोवतीची मोकळी झालेली राने देवाच्या यात्रेला, बैलबाजाराला, कुस्त्यांच्या फडाला व तमाशाच्या तंबूला जागा देतात. चार दिवसांनी पाल उठतात, राहुट्या निघतात आणि पहिल्या पावसाआधी त्याच रानात पुन्हा कुळव चालतो. शेतजमिनीचा असा प्रासंगिक वापर आपल्या समाजाने कायद्यांच्या कितीतरी आधी मान्य केलेला आहे.

जुन्या जत्रेचे नियमन गावच करीत असे. मानकरी ठरलेले असत, दुकानांच्या जागा ठरलेल्या असत, पाण्याची विहीर कोणती आणि बैल बांधायचे रान कोणाचे, हेही पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असे. येणारी माणसे पंचक्रोशीतील असत आणि त्यांची संख्या गावाच्या अंदाजातील असे. आज ही स्थिती बदलली आहे. मोटारी आणि रस्ते वाढले, त्यामुळे गावच्या जत्रेलाच दूरदूरची गर्दी लोटते. शिवाय संगीताचे जलसे, मोठी प्रवचने, प्रदर्शने, मेळावे यांसाठी शहरालगतची शेते काही दिवसांच्या भाड्याने घेतली जातात. आयोजक परगावचा, श्रोते परगावचे, ध्वनिक्षेपक आणि विजेची जनित्रे परगावची. गावाचे असते ते फक्त रान, रस्ता आणि पाणी. अशा वेळी नियमन कोणी करावयाचे आणि कसे, हा प्रश्न ग्रामपंचायतीपुढे, तहसील कार्यालयापुढे व पोलीस ठाण्यापुढे उभा राहतो. त्याचे उत्तर पुष्कळदा दोन टोकांना शोधले जाते. एक तर सरसकट नकार दिला जातो किंवा न पाहता शिक्का मारला जातो. या दोन्ही मार्गांनी काय घडते, आणि तिसरा मार्ग कोणता, हे प्रत्यक्ष घडलेल्या उदाहरणांवरून पाहणे उपयुक्त ठरेल.

कायद्याची चौकट

भारतीय संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत ‘बाजार आणि जत्रा’ हा २८ वा विषय आहे. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने जी अकरावी अनुसूची जोडली गेली, तिच्यातही बाजार व जत्रा हा विषय पंचायतींकडे सोपविण्याजोग्या विषयांत २२ व्या क्रमांकावर आहे. महाराष्ट्राच्या १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमात जत्रा व बाजार यांवरील नियंत्रण ग्रामपंचायतीच्या कामांत धरलेले असून जत्रा, उत्सव व करमणुकीचे कार्यक्रम यांवर कर बसविण्याचीही तरतूद आहे. जत्रेच्या बाबतीत ग्रामपंचायत ही नुसती यजमान नव्हे. कायद्याने तिच्याकडे अधिकार दिला आहे आणि त्याबरोबर जबाबदारीही.

जमिनीच्या वापराविषयी १९६६ साली राज्यात दोन महत्त्वाचे कायदे झाले. जमीन महसूल संहितेने शेतीसाठी धारण केलेली जमीन बिगरशेती कामासाठी वापरण्यावर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीचे बंधन घातले. पुढे या तरतुदींत वेळोवेळी दुरुस्त्या होऊन कार्यपद्धती पुष्कळ सुलभ करण्यात आली, म्हणून प्रत्येक प्रकरणी त्या दिवशी लागू असलेली तरतूद तहसील कार्यालयातून पडताळून घेणे इष्ट. दुसरा कायदा प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाचा. प्रादेशिक योजनेच्या क्षेत्रात शेतीव्यतिरिक्त अन्य कामासाठी जमिनीचा वापर सुरू करण्यास किंवा बदलण्यास पूर्वपरवानगी हवी, असे त्याचे कलम १८ सांगते. विकास योजनेच्या क्षेत्रासाठी कलम ४३ आहे. या कलमात परवानगीची गरज नसलेल्या बाबींची जी यादी दिलेली आहे, तिच्यातील एक बाब विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. एरवी एका कामासाठी वापरली जाणारी जमीन प्रसंगोपात्त दुसऱ्या कामासाठी वापरली, तर तेवढ्या प्रासंगिक वापराला नियोजनाची परवानगी लागत नाही.

या तरतुदीमागे विवेक आहे. वर्षातून चार दिवस जत्रा भरली म्हणून शेत बाजारपेठ होत नाही. परंतु या सवलतीचा अर्थ अनेकदा चुकीचा घेतला जातो. जमिनीच्या वापराची परवानगी लागत नाही म्हणून गर्दी जमविण्याची, ध्वनिक्षेपक लावण्याची, तिकिटे विकण्याची किंवा रस्ता अडविण्याची परवानगीही लागत नाही, असे मुळीच नाही. सार्वजनिक करमणुकीच्या जागांना परवाने देण्याचे नियम करण्याचा अधिकार १९५१ च्या पोलीस अधिनियमाच्या कलम ३३ ने दिलेला आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार ध्वनिक्षेपकास लेखी परवानगी आवश्यक असून रात्री १० ते सकाळी ६ या वेळात उघड्या जागी तो वाजविता येत नाही. सांस्कृतिक किंवा धार्मिक सणप्रसंगी रात्री १२ पर्यंत सूट देण्याचा अधिकार राज्य शासनास आहे, पण तीही वर्षाकाठी १५ दिवसांपलीकडे नाही. कार्यक्रमाच्या जागेच्या सीमेवर आवाज त्या क्षेत्राच्या मानकापेक्षा १० डेसिबलने अधिक किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल त्याहून जास्त असता कामा नये. रहिवासी क्षेत्राचे दिवसाचे मानक ५५ डेसिबल आहे. याचा अर्थ वस्तीलगतच्या रानात ही मर्यादा दिवसा ६५ डेसिबलची ठरते.

इंग्लंडमध्ये हाच प्रासंगिक वापराचा विचार दिवसांच्या मोजमापाने मांडलेला आहे. तेथे कोणतीही मोकळी जमीन कॅलेंडर वर्षात २८ दिवसांपर्यंत अन्य कामासाठी तात्पुरती वापरण्यास स्वतंत्र नियोजन परवानगी लागत नाही. बाजार किंवा मोटारींच्या शर्यती असल्या तर ही मर्यादा १४ दिवसांची आहे. ‘प्रासंगिक’ म्हणजे किती, याविषयीचा वाद यामुळे टळतो. परंतु तेथेही मोठ्या जलशासाठी परवाना निराळा घ्यावा लागतो. जमीन कशासाठी वापरावयाची हा एक प्रश्न आणि त्या जमिनीवर माणसे सुरक्षित राहतील काय हा दुसरा. या दोन प्रश्नांची गल्लत होऊ देऊ नये.

दोन गावे आणि एक जलसा

१९६९ साली अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात जो संगीत महोत्सव ‘वुडस्टॉक’ या नावाने जगभर गाजला, त्याच्या गाण्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या दृष्टीने मात्र त्याच्या परवानगीची कथा अधिक बोधप्रद आहे. हा महोत्सव वुडस्टॉक गावी झालाच नाही. आयोजकांनी प्रथम वॉलकिल नावाच्या गावात सुमारे ३०० एकरांची जागा ठरविली होती. गावकऱ्यांचा विरोध वाढला. जुलै १९६९ च्या आरंभी तेथील नगरमंडळाने ५,००० हून अधिक माणसांच्या जमावाला परवाना आवश्यक करणारा नियम केला आणि १५ जुलै रोजी जमीन-वापरविषयक अपील मंडळाने कार्यक्रमास मनाई केली. तात्पुरती शौचालये गावच्या नियमांत बसत नाहीत, हे त्याचे अधिकृत कारण होते. तेव्हा कार्यक्रमाला अवघा एक महिना उरला होता.

वॉलकिलच्या दृष्टीने प्रश्न मिटला होता. पण कार्यक्रमाची तयारी चालूच होती आणि तिकिटेही विकली जात होती. आयोजक दुसऱ्या गावाच्या शोधात निघाले. बेथेल गावातील मॅक्स यॅसगर या दूध-व्यावसायिक शेतकऱ्याने आपल्या ६०० एकरांच्या शेतावर जागा दिली. ५०,००० हून अधिक माणसे येणार नाहीत, असे गावच्या अधिकाऱ्यांना सांगण्यात आले. गावात विरोध झाला, यॅसगरचे दूध घेऊ नका असे फलक लागले. गावच्या वकिलाने आणि बांधकाम निरीक्षकाने परवाने मान्य केले, पण नगरमंडळाने ते औपचारिकपणे देण्यास नकार दिला. काम थांबविण्याचे आदेश लावण्यासही निरीक्षकास सांगण्यात आले. म्हणजे एकाच गावात होकारही होता आणि नकारही होता. काम मात्र थांबले नाही.

वेळ इतका थोडा उरला होता की, कुंपण आणि रंगमंच या दोन्ही गोष्टी पुऱ्या करणे शक्य नव्हते. रंगमंच उभा राहिला, कुंपण राहून गेले. आगाऊ तिकिटेच १,८६,००० च्या घरात विकली गेली होती. प्रत्यक्षात चार लाखांहून अधिक लोक लोटले. रस्ते तुंबले, अन्न व पाणी अपुरे पडले आणि परगण्यात आणीबाणी जाहीर करावी लागली. परिसरातील रहिवाशांनी व स्वयंसेवकांनी अन्न पुरविले म्हणून पुष्कळ निभावले. तरीही शेतात झोपलेला एक तरुण ट्रॅक्टरखाली सापडून मरण पावला. नंतर शेजाऱ्यांनी नुकसानभरपाईसाठी यॅसगरवर दावे लावले; त्याच्या स्वतःच्या शेताची नासाडी तर त्याहून मोठी होती आणि त्यापोटी त्याला ५०,००० डॉलर मिळाले. पुढच्या वर्षी जागा देण्यास त्याने नकार दिला आणि १९७१ साली शेत विकून टाकले.

वॉलकिलने नकार दिला तो त्याच्या अधिकारातच होता. पण तो नकार महिनाभर आधी न येता सहा महिने आधी आला असता, किंवा शौचालये, पाणी व वाहनतळ यांच्या अटी प्रारंभीच लेखी सांगितल्या गेल्या असत्या, तर बेथेलच्या शेतकऱ्यावर आणि शेजाऱ्यांवर तो भार पडला नसता. उशिराने दिलेला नकार गर्दीला थांबवीत नाही. तिला कमी तयारीच्या गावाकडे ढकलतो. आपल्या तालुक्यातही एका गावाने नाकारलेला कार्यक्रम दोन दिवसांत शेजारच्या शिवारात भरतो. म्हणून अशा अर्जाची माहिती शेजारच्या ग्रामपंचायतींना व तहसीलदारांना त्याच दिवशी कळविणे हा शेजारधर्मही आहे आणि प्रशासनाचा धर्मही आहे.

पिल्टनचा परवाना

आता दुसरे उदाहरण इंग्लंडमधील पिल्टन या खेड्याचे. सॉमरसेट परगण्यातील या गावी मायकेल ईव्हिस या गवळी-शेतकऱ्याने सप्टेंबर १९७० मध्ये आपल्या वर्दी फार्म या शेतावर पहिला जलसा भरविला. सुमारे १,५०० माणसे आली. तिकीट एक पौंडाचे होते आणि त्यात शेतावरचे दूध फुकट होते. हाच पुढे ग्लास्टनबरी महोत्सव म्हणून प्रसिद्धीस आला.

१९८२ साली ब्रिटिश संसदेने केलेल्या स्थानिक शासनविषयक कायद्याने अशा उघड्यावरील मोठ्या कार्यक्रमांना परवाना देण्याचा आणि त्यात अटी घालण्याचा अधिकार स्थानिक मंडळांना मिळाला. १९८३ साली महोत्सवाने पहिल्यांदा असा परवाना घेतला. त्यात ३०,००० माणसांची मर्यादा घातलेली होती. परवान्यातील अटींचा भंग झाला म्हणून मेंडिप जिल्हा मंडळाने ईव्हिसवर पाच खटले भरले. १९८४ मध्ये ते सर्व फेटाळले गेले. त्याच वर्षीचा परवाना ३५,००० माणसांसाठी होता, आणि त्या वेळी वाहनतळाच्या निश्चित जागा ठरवून दिलेल्या होत्या व वाहने वळविण्यासाठी कार्यकर्ते नेमले होते. मंडळ आणि शेतकरी न्यायालयात एकमेकांसमोर उभे राहिले; तरी परवान्याची रीत मोडली नाही. दर वर्षीच्या अनुभवाने अटी सुधारत गेल्या.

त्या रीतीलाही एकदा तडा गेला. २००० साली विनातिकीट माणसे प्रचंड संख्येने कुंपण ओलांडून आत शिरली आणि सुरक्षिततेचा प्रश्न उभा राहिला. २००१ साली महोत्सव भरलाच नाही. २००२ मध्ये नवे भक्कम कुंपण उभारल्यावरच तो पुन्हा सुरू झाला. जेथे १,५०० माणसे जमली होती, तेथे अलीकडे दोन लाखांच्या आसपास माणसे जमतात, आणि ते शेत आजही दुभत्या जनावरांचे शेत आहे. त्यासाठी काही वर्षांच्या अंतराने महोत्सव बंद ठेवून जमिनीला विश्रांती दिली जाते. २००६, २०१२, २०१८ आणि २०२६ ही अशी विश्रांतीची वर्षे. पीक घेणारा शेतकरी जसे रान पडीक टाकतो, तसेच हे होय.

पिल्टनमध्ये वाद झाले नाहीत असे नाही. पण तेथे परवाना हा जिवंत दस्तऐवज राहिला. माणसांची संख्या लिहिली गेली, ती पाळली गेली की नाही हे तपासले गेले आणि जेथे चुकले तेथे पुढच्या वर्षी अट बदलली गेली.

फुलराईचा धडा

परवाना कागदावरच राहिला तर काय होते, हे २ जुलै २०२४ रोजी उत्तर प्रदेशातील हाथरस जिल्ह्यात सर्व देशाने पाहिले. सिकंदराराऊ तहसिलीतील फुलराई गावाजवळ महामार्गालगतच्या शेतात सत्संगाचा कार्यक्रम होता. परवानगी ८०,००० माणसांसाठी मागितलेली व दिलेली होती. पोलिसांनी नोंदविलेल्या गुन्ह्यानुसार जमलेली माणसे सुमारे अडीच लाख होती. कार्यक्रम संपल्यावर निघालेल्या गर्दीत रेटारेटी झाली, पावसाने निसरड्या झालेल्या उतारावर माणसे पडली, त्यांच्यावर आणखी माणसे पडली. १२१ जणांचा मृत्यू झाला. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. राज्य शासनाने नेमलेल्या विशेष तपास पथकाच्या अहवालानंतर सहा अधिकारी व कर्मचारी निलंबित झाले. जागेची पाहणी न करताच उपविभागीय अधिकाऱ्याने परवानगी दिली, असा ठपका त्या अहवालात होता.

महाराष्ट्राला असे दुःख अपरिचित नाही. २५ जानेवारी २००५ रोजी वाई तालुक्यातील मांढरदेवीच्या यात्रेत चेंगराचेंगरी व आग यांत सुमारे ३०० भाविक दगावले. तेथे प्रश्न शेताचा नव्हता, डोंगरावरच्या अरुंद वाटेचा होता. पण दोन्ही ठिकाणचे मूळ एकच आहे. माणसे किती येतील आणि ती बाहेर कशी पडतील, याचा हिशेब जागेवर उभे राहून आधी झालेला नव्हता.

फुलराईच्या उदाहरणात दिसणारी एक गोष्ट शेतजमिनीच्या बाबतीत फार महत्त्वाची आहे. शेत हे मैदान नव्हे. त्याला बांध असतात, ताली असतात, पाट व चर असतात, उघडी विहीर असते, रस्त्यापासून ते खाली किंवा वर असते. कोरड्या दिवसांत जी वाट सोपी वाटते तीच एका सरीने निसरडी होते. आपल्या काळ्या जमिनीत तर ओलाव्याने पाय रुततो आणि चप्पल अडकते. घाईत असलेल्या गर्दीत एक माणूस पडणे पुरेसे असते. हे नकाशावर दिसत नाही. पाहणी करणाऱ्याच्या पायालाच समजते.

रानाचा हिशेब

तेव्हा ना-हरकत दाखला देण्यापूर्वी ग्रामपंचायतीने काय करावे? पहिली गोष्ट, जागेवर जावे. सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी, महसूल कर्मचारी, पोलीस पाटील आणि शेजारचे दोन बांधकरी यांनी आयोजकाला बरोबर घेऊन रान फिरून पाहावे. गावच्या शाळेतील शिक्षकांची येथे मोठी मदत होऊ शकते. वरच्या वर्गातील मुलांकडून रानाचा साधा मापी नकाशा काढून घेणे हा भूगोलाचा आणि गणिताचा उत्तम पाठ आहे.

दुसरी गोष्ट, संख्या ठरवावी. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. समजा, पाच एकरांचे शेत आहे. म्हणजे २०,००० चौरस मीटरांहून थोडे अधिक. त्यातील निम्मी जागा मंच, दुकाने, वाटा, पाणी, शौचालये आणि मोकळे पट्टे यांसाठी सोडली तर १०,००० चौरस मीटर उरतात. ब्रिटनमधील जलशांच्या मार्गदर्शक पुस्तिकेत उभ्या श्रोत्यांसाठी माणशी अर्धा चौरस मीटर हे प्रमाण दिलेले होते. त्या हिशेबाने या शेताची कमाल मर्यादा २०,००० होते. बसून ऐकणारी मंडळी, लहान मुले, वृद्ध असतील तर ती बरीच कमी धरावी. आयोजक ‘अंदाजे पन्नास हजार’ असे लिहून आला, तर हे रान त्याला पुरणार नाही, एवढे या साध्या गुणाकाराने समजते.

तिसरी गोष्ट, बाहेर पडण्याची वाट. सपाट व पक्क्या जागेवर एक मीटर रुंदीच्या वाटेने मिनिटाला ८२ माणसे जाऊ शकतात, असे ब्रिटिश क्रीडांगणांच्या सुरक्षा मार्गदर्शिकेत धरलेले आहे. तीन मीटरांच्या एका फाटकातून मिनिटाला सुमारे २४६ माणसे निघतील. २०,००० माणसांना बाहेर पडण्यास ८० मिनिटांहून अधिक वेळ लागेल. अशी चार फाटके निरनिराळ्या दिशांना असतील तर हाच वेळ २० मिनिटांवर येतो. नांगरटीच्या किंवा चिखलाच्या जमिनीवर हे आकडेही धरू नयेत. आत येण्याच्या व बाहेर जाण्याच्या वाटा वेगळ्या असाव्यात, आणि रुग्णवाहिका व अग्निशामक बंब यांची वाट कोणत्याही कारणाने दुकानांना देऊ नये. प्रमुख पाहुण्यांची वाहने निघताना गर्दी त्यांच्या मागे धावणार नाही, अशा बाजूने ती काढावीत.

चौथी गोष्ट, वाहने. मोटारीला आणि तिच्या वळणाच्या वाटेला मिळून २५ चौरस मीटर धरले, तर एकरात सुमारे १६० मोटारी बसतात. २०,००० माणसांपैकी दहावा हिस्सा मोटारीने आला आणि एका मोटारीत चौघे धरले, तरी ५०० मोटारी होतात आणि त्यांना तीन एकरांहून अधिक जागा लागते. ही जागा आधी ठरली नाही, तर वाहने रस्त्यावर, शेजाऱ्याच्या उभ्या पिकात आणि स्मशानभूमीच्या वाटेवर उभी राहतात.

पाणी, शौचालये, विजेच्या उघड्या तारा, तंबूंतील स्वयंपाकाचे सिलिंडर, विहिरींचे कठडे व पाण्याचे शुद्धीकरण यांची यादी प्रत्येक गावाने आपल्या अनुभवातून करावी. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१४ साली जमावाच्या व्यवस्थापनाविषयी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली आहे; ती प्रत्येक पंचायत समितीच्या कार्यालयात असावी आणि वाचली जावी.

जमीन, शेजारी आणि करार

कार्यक्रमाच्या दिवसांची काळजी सर्व घेतात. नंतरच्या दिवसांची काळजी फारसे कोणी घेत नाही. शेताचा मालक भाड्याच्या आशेने जागा देतो, पण त्याच्याजवळ बहुधा लेखी करार नसतो. जड वाहनांनी दाबलेली जमीन, विशेषतः ओली असताना दाबलेली भारी जमीन, एका हंगामात पूर्ववत होत नाही. मातीत राहिलेले खिळे, तारा, काच आणि प्लास्टिक पुढे बैलांच्या खुरांत आणि जनावरांच्या पोटात जाते. शेजाऱ्याचा बांध मोडतो, ठिबकच्या नळ्या तुटतात, पण त्याला ना भाडे मिळते ना भरपाई. बेथेलचा शेतकरी सधन होता, तरीही त्याला हा भार पेलला नाही. दोन एकरांच्या धन्याने तो कसा पेलावा?

म्हणून ग्रामपंचायतीने ना-हरकत देताना मालक व आयोजक यांतील लेखी करार पाहावा. जागा कोणत्या दिवशी ताब्यात जाईल आणि कोणत्या दिवशी साफ करून परत मिळेल, दाबलेली जमीन नांगरून देण्याचा खर्च कोणाचा, शेजाऱ्यांच्या नुकसानीचा पंचनामा कोण करील आणि भरपाई किती दिवसांत मिळेल, हे त्यात असावे. सफाई व नुकसान यांपोटी आयोजकाने योग्य अनामत ठेवावी आणि ती जागेची पुन्हा पाहणी झाल्यावरच परत करावी. असे नियम एकेका अर्जाच्या वेळी न ठरविता ग्रामसभेत आधीच ठरविलेले बरे. नियम आधी असले की कोणावर मेहेरबानी केली किंवा कोणावर राग काढला, असा आरोप राहत नाही. गावच्या देवाच्या जत्रेला जी सुरक्षिततेची अट, तीच परगावच्या जलशाला. दोघांत फरक असेल तर तो शुल्कात असावा, माणसांच्या जिवाच्या हिशेबात नसावा.

एखादा अर्ज नाकारावाच लागला, तर तो लवकर आणि कारणे लिहून नाकारावा. ‘गावाचा विरोध आहे’ एवढे कारण पुरेसे नाही. वाट अपुरी आहे, पाण्याचा साठा नाही, पावसाळ्यात रान चिखलाचे आहे, परीक्षा चालू आहेत, उभे पीक आहे, असे तपासता येईल असे कारण द्यावे. अशा लेखी कारणांमुळे आयोजकाला दुसरी तारीख किंवा दुसरी जागा वेळीच शोधता येते, आणि दुसऱ्या गावालाही कशाकडे लक्ष द्यावयाचे ते कळते.

जत्रा आणि जलसे बंद व्हावेत, असे कोणी म्हणणार नाही. कष्टाच्या वर्षात माणसाला चार दिवस आनंदाचे हवेत. कलावंताला श्रोता हवा, बैल विकणाऱ्याला बाजार हवा, लेकीला माहेरच्या यात्रेची वाट हवी. हा आनंद सुरक्षित राहावा म्हणून नियम आहेत. तेव्हा येत्या हंगामापूर्वीच्या ग्रामसभेत एक विषय अवश्य घ्यावा. आपल्या शिवारातील जत्रेची जागा कोणती, तेथे जास्तीत जास्त किती माणसे मावतात आणि ती कोणत्या वाटांनी बाहेर पडतील, या तीन प्रश्नांची उत्तरे ठरावाच्या रूपाने इतिवृत्तात लिहून ठेवावीत, त्याची एक प्रत तहसील कार्यालयात व एक पोलीस ठाण्यात द्यावी, आणि जत्रा उठल्यावर ती उत्तरे बरोबर निघाली की नाही, हे पुढच्या सभेत तपासून पाहावे.